मोटारीतील ध्वनी आणि मर्यादित खर्च

मोटारीत बसून गाणे ऐकणे ही आता चैन राहिलेली नाही. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. भिलाईतील अनेक मराठी कुटुंबांचे नागपूरशी जाणे-येणे आजही चालूच आहे. हा प्रवास अडीचशे किलोमीटरांहून अधिक. वाटेत एखादे नाट्यगीत लावावे, तर चाल ऐकू येते, पण शब्द उमगत नाहीत; आवाज वाढवावा, तर दारच थरथरू लागते. मग गृहस्थ बाजारात जातो आणि मोठा अँप्लिफायर व डिकी व्यापणारी पेटी घेऊन येतो. खर्च होतो, शब्द मात्र पूर्वीइतकेच अस्पष्ट राहतात. असे का व्हावे?

श्रोतेहो, शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांचे ध्वनी उच्च पट्टीतले असतात. कंपनीने बसविलेला स्पीकर बहुधा एकाच कागदी शंकूचा असतो. उंच पट्टीचे ध्वनी त्याला नीट पेलत नाहीत; शिवाय तो दारात, गुडघ्यांच्या पातळीवर असल्याने जे निघतात तेही पायांत आणि आसनांत मुरून जातात. खालची पट्टी रस्त्याच्या घरघरीत बुडते. तेव्हा उणीव असते ती स्पष्टपणाची, जोराची नव्हे.

सेटवर छापलेल्या ‘५० वॉट’ या आकड्याचा अर्थही समजून घ्यावा. इंजिन चालू असताना वीजदाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो आणि स्पीकरचा रोध सामान्यतः ४ ओहम. दाबाचा वर्ग करून त्याला रोधाने भागले की सुमारे ५२ येतात. जाहिरातीतील आकडा तो हाच. परंतु शुद्ध स्वराची लहर सतत वरखाली होत असल्याने अखंड मिळणारी शक्ती त्याच्या निम्मी, म्हणजे २६ वॉट, आणि व्यवहारात त्याहूनही कमी असते. म्हणून स्पीकर निवडताना वॉटपेक्षा त्याची संवेदनक्षमता पाहावी. ती डेसिबलमध्ये दिलेली असते. ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर त्याच सेटवर शक्ती दुप्पट केल्याइतका लाभ होतो. अँप्लिफायरचा खर्च तूर्त वाचतो.

आता दाराकडे वळू. शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. दाराच्या आतील पत्र्याला मोठी भोके असतात. त्यांतून मागची लहर पुढे येऊन पुढच्या लहरीला मिळते आणि खर्ज नाहीसा होतो. ही भोके ब्युटिलच्या चिकट पत्रकाने बुजवावी, तेच पत्रक बाहेरच्या पत्र्याच्या आतील अंगास लावावे, आणि स्पीकरभोवती फोमचे कडे बसवावे. डांबरी पत्रक स्वस्त पडते, परंतु भिलाईच्या उन्हाळ्यात ते मऊ पडून वास मारण्याचा संभव असतो. दाराच्या तळाची बारीक छिद्रे मात्र कदापि बुजवू नयेत. पावसाचे पाणी त्यांतूनच निघून जाते, आणि ते साचले की पत्रा गंजतो.

खर्चाचा क्रम यावरून ठरतो. प्रथम फुकटचे उपाय: दाराच्या कप्प्यांतील खडखडणाऱ्या वस्तू काढाव्या आणि खर्ज-तार यांची बटणे मध्यावर आणावी. नंतर पुढच्या दारांचा बंदोबस्त, आणि त्यानंतर तेथेच स्पीकरची चांगली जोडी. उंच पट्टीचा छोटा स्पीकर वेगळा असेल, तर तो आरशाजवळ, कानाच्या रोखाने बसवावा. मागच्या आसनांचा विचार सवडीने करावा. अँप्लिफायर शेवटी, आणि तोही खरोखर उणीव भासल्यास.

बसविताना मूळ तारा कापू नयेत. त्या गाडीला जुळणारा जोड घ्यावा. दोन्ही स्पीकरांच्या धन आणि ऋण तारा सारख्याच लागल्या पाहिजेत, कारण एक उलटा लागला की खर्ज हरवतो. काही गाड्यांत धडकेची जाणीव घेऊन एअरबॅग उघडणारी यंत्रणा दारातच असते. तेथे जाणत्या कारागिराखेरीज कोणी हात घालू नये. बॅटरीपासून अँप्लिफायरकडे जाणाऱ्या तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज असलाच पाहिजे; नाहीतर तार घासून पत्र्याला टेकली की आग लागू शकते.

शेवटी कानांविषयी. भिलाईत पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून हे गाव यंत्रांच्या गोंगाटात काम करीत आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकणे निर्धोक मानावे. पुढे प्रत्येक ३ डेसिबलांमागे ही मुदत निम्मी होते. ज्याने पाळीभर गिरणीचा आवाज सोसला, त्याच्या वाट्याची ही मुदत पुष्कळशी आधीच संपलेली असते. गोंगाटाने गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही. म्हणून पैसा अशा रीतीने खर्च करावा की, आवाज कमी ठेवूनही गाण्याचा शब्द न् शब्द कळेल आणि मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगाही वेळीच ऐकू येईल.