नवीन गाडीचा रंग जपा: चांदूर रेल्वेसारख्या गावात चालणारा छोटा धंदा

मागच्या व्हिडिओत आपण कमी भांडवलाच्या सर्व्हिस धंद्यांबद्दल बोललो. आज त्यातलाच एक धंदा नीट समजून घेऊ: कार केअर.

चांदूर रेल्वेत तुम्ही नव्या गाडीवाल्याला विचाराल, "कोटिंग करायचं का?" तो म्हणेल, "गाडी तं नवीनच हाय भाऊ, कायले पैसे लावाचे?" इथेच तुमचा धंदा सुरू होतो. रंग जपायचा असतो तो नवीन असतानाच. एकदा उडाला की खर्च पेंटरकडे जातो.

आपल्याकडे गाडी लवकर म्हातारी का होते?

गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. त्याचे आपल्याकडे चार दुश्मन आहेत:

१. ऊन: मे महिन्यात वऱ्हाडात पारा ४५ च्या आसपास जातो. बंद गाडीच्या आत ६० अंशांच्या वर. टपाचा रंग फिका पडतो, डॅशबोर्ड तडकतो.
२. बोअरचं पाणी: त्यात क्षार जास्त. उन्हात सुकलं की पांढरे डाग बसतात. मी स्वतः भर दुपारी बोअरच्या पाण्याने गाडी धुतली होती. बोनेटवरचे डाग काढायला पॉलिश करावं लागलं.
३. काळी माती: पावसाळ्यात चाकाच्या वरच्या खोबणीत चिकटते, ओल धरून ठेवते आणि पत्रा गंजतो.
४. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक: सावली म्हणून गाडी झाडाखाली लावतो, पण हे डाग दोन दिवस राहिले तर रंगात उतरतात. घासू नका. ओलं फडकं पाच मिनिटं ठेवा, मग अलगद उचला.

काम कसं करायचं?

सकाळी किंवा सावलीतच धुवा. आधी पाणी मारून धूळ सोडवा. दोन बादल्या ठेवा: एक शॅम्पूची, एक फडकं खळबळायची. कपड्यांची पावडर वापरू नका, ती वॅक्स उतरवते. सुकवायला मायक्रोफायबर कापड घ्या. कोरड्या धुळीवर फडकं मारणं म्हणजे रंगावर बारीक सॅण्डपेपर फिरवणं!

त्यानंतर वॅक्स. उन्हाळ्यात ते दर दोन महिन्यांनी पुन्हा लावा. आत व्हॅक्यूम करा, डॅशबोर्डला तेलकट नसलेलं, ऊन रोखणारं प्रोटेक्टंट लावा. तेलकट पॉलिश चमकतं, पण त्याचा झोत काचेवर पडतो आणि धूळही चिकटते. ग्राहकाला सनशेड घ्यायला सांगा. काळी फिल्म मात्र विकू नका. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच त्यावर बंदी घातली आहे. दंड ग्राहकाला होईल आणि नाव तुमचं खराब होईल.

हिशोब मांडा

समजा, २० पक्के ग्राहक, प्रत्येकाकडे महिन्यात दोन फेऱ्या, एका फेरीचे ३५० रुपये. झाले १४,००० रुपये. सामान फेरीला ५० प्रमाणे २,०००, पेट्रोल १,५००. हातात उरले १०,५००. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावचे भाव विचारून स्वतःचा कागद भरा. समृद्धी महामार्ग तालुक्यातून जातो, पण वाटसरूंच्या भरवशावर बसू नका. धंदा उभा राहतो तो गावातल्या डॉक्टर, शिक्षक, व्यापारी यांच्या गाड्यांवर.

सिरॅमिकची घाई नको

सिरॅमिक कोटिंगमध्ये पैसा दिसतो, म्हणून बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. पण त्याला धूळ नसलेली बंद जागा लागते आणि आधी रंग निर्दोष करावा लागतो. ओरखडा राहिला तर तो कोटिंगखाली तसाच बंद होतो. आधी हात बसू द्या, मग प्रशिक्षण घ्या. आणि "आयुष्यभर चमक" असं कोणालाही सांगू नका. लहान गावात एक नाराज ग्राहक दहा ग्राहक तोडतो.

या आठवड्याचा गृहपाठ: ओळखीच्या एका नव्या गाडीचं काम फुकट करा. आधीचा आणि नंतरचा फोटो काढा, लागलेला वेळ आणि सामान वहीत लिहा. तुमचा पहिला दर त्या वहीतूनच निघेल. काय आकडा आला, ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!