गरोदरपणातील एचआयव्हीचे उपचार आणि हातातला मोबाइल

भाईंदर पश्चिमेच्या डोंगरी-उत्तन पट्ट्यात राहणाऱ्या बाईला पोटुशी असताना एचआयव्हीचे निदान झाले, तर तिला रोजची गोळी चुकवून चालत नाही. उपचार नसतील तर बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. वेळेत औषधे सुरू झाली तर तो पाच टक्क्यांखाली येतो. औषधे मोफत मिळतात, आयुष्यभर घ्यायची असतात.

गोळीची आठवण, तपासणीची तारीख, समुपदेशकाशी बोलणे हे सारे फोनवर होऊ शकते. केनियात एचआयव्हीच्या रुग्णांना दर आठवड्याला ‘कशा आहात?’ एवढाच संदेश पाठवला आणि औषधे नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण वाढले. दक्षिण भारतात मात्र आठवणीच्या स्वयंचलित कॉलने फरक पडला नाही. महाराष्ट्रात चार जिल्ह्यांत क्षेत्रीय कार्यकर्त्यांना मोबाइल अॅप आणि प्रशिक्षण दिले गेले. बाळांना नेविरापिन हे प्रतिबंधक औषध देण्यात आणि निव्वळ स्तनपानात सुधारणा दिसली. माझ्या मते फोनपलीकडे ओळखीचे माणूस असणे हेच महत्त्वाचे.

धोकाही आहे. घरात एकच फोन असतो; सासू किंवा दीर संदेश वाचू शकतात. म्हणून संदेशात आजाराचे, औषधाचे नाव नको, आणि कोणत्या नंबरवर, किती वाजता फोन करायचा हे आधी तिलाच विचारावे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार सामान्यतः संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही-स्थिती उघड करता येत नाही.

बाळाची पहिली एचआयव्ही तपासणी जन्मानंतर सहा आठवड्यांनी होते, ती चुकवू नका. शंका असल्यास १०९७ हा मोफत क्रमांक लावा.