भिजलेली जामगी आणि जादूची तलवार

अद्भुतरम्य कादंबरीतली लढाई बहुधा एका उघड्या माळावर होते. इकडे लाखाची फौज, तिकडे लाखाची फौज, मध्ये धूळ. मग नायकाची तलवार चमकते आणि पुढची चार पानं मुंडकी उडत राहतात. वाचक ती पानं भराभर उलटतो, कोण जिंकलं एवढं पाहतो आणि पुढे सरकतो. दोष जादूचा नसतो. पहिल्याच पानावर ज्याने उडता घोडा मान्य केला, त्याची दहाव्या प्रकरणातल्या राक्षसाला काय हरकत असणार? तो कंटाळतो, कारण त्या माळावर कोणालाच कसली अडचण नाही. भूक लागत नाही, चिखलात पाय रुतत नाही, दम लागत नाही, हुकूम उशिरा पोचत नाही. लढाई खरी वाटायची तर आधी तिच्यातल्या अडचणी खऱ्या असाव्या लागतात, आणि त्या कशा असतात याचा धडा कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर, पन्हाळ्याच्या डोंगरात मांडून ठेवलेला आहे.

अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा. त्याच महिन्याअखेर पन्हाळा शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला आणि पुढच्या मार्चमध्ये सिद्दी जौहरने त्याला वेढा घातला. पावसाळा लागला की वेढा ढिला पडणार, हा कुणीही बांधावा असा अंदाज. जौहरने तो खोटा ठरवला. गडावर अंबरखान्याची कोठारं होती, पण कोठार कितीही मोठं असलं तरी त्याला तळ असतो. राजापूरच्या वखारीतून रेव्हिंग्टन हा इंग्रज तोफा आणि दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीला आला. म्हणजे एका बाजूला संपत जाणारे दाणे, दुसऱ्या बाजूला वाढत जाणारा मारा आणि वर आषाढाचा पाऊस. जुलैमधल्या त्या रात्री महाराज गडाखाली उतरले, ते या हिशेबातून. शिवा काशीद त्यांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसला, पकडला गेला, मारला गेला. त्यातून मिळाली ती थोडी उसंत. पुढे मसाईचं पठार, विशाळगडापर्यंतची पन्नास-साठ किलोमीटरची वाट, मागे सिद्दी मसूदचे स्वार आणि समोर विशाळगडालाही सुर्वे-दळव्यांचा वेढा. वाटेत घोडखिंड. पाठलाग अडवायला बाजीप्रभू मावळ्यांसह तिथेच मागे थांबले.

आता कादंबरीकाराच्या नजरेने या खिंडीकडे पाहू. पावसात तोड्याच्या बंदुकीची जामगी विझते, रंजक भिजते. म्हणून लढाई हातघाईवर येणार. वाट अरुंद आणि निसरडी. म्हणून घोड्यांचा जोर आणि फौजेचा आकडा दोन्ही बाहेरच राहणार, कारण एका वेळी पुढे उभे राहू शकतील तेवढेच लढणार. अडवणारे रात्रभर चालून आलेले. म्हणून प्रत्येक घटकेला त्यांचे हात जड होणार. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बाजीप्रभूंना शत्रूचा पराभव करायचाच नाही. त्यांना वेळ काढायचा आहे, महाराज विशाळगडावर पोचल्याची तोफ ऐकू येईपर्यंत. किती मावळे होते, समोर किती आले, याचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. ते खुशाल बदलोत. प्रसंगाची पकड सुटत नाही, कारण ती आकड्यांवर उभीच नाही. पाऊस, वाट, थकवा आणि वेळ या चार खुंट्यांना तो ताणून बांधलेला आहे. यातल्या शत्रूच्या जागी कोणी राक्षसांचं दळ आणून उभं केलं तरी खिंड तशीच चालेल. उलट खिंडच काढून तिथे माळ घातला, तर शिवकाळातली लढाईसुद्धा खोटी वाटेल.

शरीराचं गणितही कोल्हापुरात वेगळं शिकवावं लागत नाही. खासबागेत कुस्ती पाहणाऱ्याला ठाऊक असतं की दोन तगडे पैलवान पहिल्या काही मिनिटांतच धापा टाकू लागतात. बराच वेळ नुसती पकड, रेटारेटी, अंदाज घेणं चालतं आणि मग क्षणात डाव पडतो. कादंबरीतला वीर मात्र चिलखत घालून सकाळपासून सूर्यास्तापर्यंत एकाच वेगाने तलवार चालवतो. हत्यारांचंही तसंच. मर्दानी खेळातला दांडपट्टा पाहावा: कोपरापर्यंत हात झाकणारी मूठ, त्यामुळे मनगट बांधलेलं, पातं लांब आणि लवचीक, सगळा फिरवा खांद्यातून. भोवती चौघे असतील तर तो भिंत उभी करतो. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या रांगेत तोच पट्टा शेजारच्या आपल्याच माणसाला लागेल. हत्यार कुठे चालतं यापेक्षा कुठे चालत नाही हे ज्या लेखकाला कळलं, त्याला प्रसंग आपोआप सुचतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो: आपली परंपराच अतिशयोक्तीची आहे, अठरा अक्षौहिणी सेना कुरुक्षेत्रावर उतरवणाऱ्या महाभारताला कोणी रसद विचारली? खरं आहे, एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ, हा हिशेब कुठल्याही मैदानाला झेपणारा नाही. पण आपल्या लक्षात हे आकडे राहत नाहीत. लक्षात राहतं ते रुतलेलं चाक. कर्णाकडची वासवी शक्ती एकदाच वापरता येते, ती त्याने अर्जुनासाठी जपून ठेवली आहे आणि रात्रीच्या युद्धात घटोत्कच इतका अनावर होतो की ती तिथेच खर्चावी लागते. जयद्रथ सूर्यास्तापूर्वी पडला पाहिजे, नाहीतर अर्जुनाला अग्निप्रवेश करावा लागेल. अस्त्राचा मंत्र ऐन वेळी आठवत नाही. जादूला मर्यादा आणि किंमत असावी, हे फँटसीचे आजचे अभ्यासक नवा नियम म्हणून मांडतात. व्यासांनी तो केव्हाच पाळला होता. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी १९६७ साली ‘मृत्युंजय’साठी कर्णच निवडला, यात मला आश्चर्य वाटत नाही. सगळ्या योद्ध्यांत सर्वांत जास्त अडचणी त्याच्याच वाट्याला आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खरी युद्धं तरी कुठे शहाणपणाने होतात? याच जिल्ह्यात नेसरीजवळ २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. डावपेच म्हणून याचं समर्थन कोणीही करणार नाही, आणि नवख्या लेखकाने असा प्रसंग लिहिला तर संपादक त्यावर काट मारील. तरी तो पटतो, कारण त्याच्या मागचं ओझं आपल्याला माहीत असतं: उमराणीजवळ कोंडीत सापडलेल्या याच खानाला प्रतापरावांनी सोडून दिलं होतं, तो उलटून आला आणि महाराजांचा बोल लागला. तेव्हा माणसांनी शहाण्यासारखं वागलंच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. वेडेपणालाही वाट लागते, आणि ती लेखकाने आधीच्या प्रकरणांत खणून ठेवावी लागते. नेसरीच्या आदल्या वर्षी, मार्च १६७३ मध्ये, कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. साठ हा आकडा अविश्वसनीय आहे खरा. पण अंधार, तुटलेले कडे आणि झोपेतून दचकून उठलेले पहारेकरी, ज्यांना समोर साठ आहेत की सहाशे हे कळायला मार्ग नव्हता, हे जमेस धरलं की आकडा पटू लागतो.

राहिला तपशिलांच्या गर्दीचा मुद्दा. अभ्यास केलेला लेखक तो सगळा पानावर ओततो आणि लढाईचं शस्त्रागार होऊन बसतं, ही तक्रार रास्तच आहे. उपाय फार अवघड नाही: लढाई एका माणसाच्या डोळ्यांनी दाखवावी. खिंडीत उभ्या असलेल्या मावळ्याला जौहरचा वेढा दिसत नाही, समोरचा भाला आणि पायाखालचा दगड दिसतो. टॉल्किन १९१६ मध्ये सोमच्या रणभूमीवर संदेशवहनाचं काम पाहणारा अधिकारी होता. निरोप न पोचणं आणि आपल्याच बाजूचं काय चाललंय हे न कळणं त्याने जवळून पाहिलं होतं. त्याच्या कादंबऱ्यांतल्या मोठ्या लढाया बऱ्याचदा छोट्या हॉबिटांच्या नजरेतून का दिसतात, याचं एक कारण तिथे असावं.

आणि लढाई संपते कधी, हेही ठरवावं लागतं. पन्हाळ्यासमोर तोफा डागणाऱ्या रेव्हिंग्टनला पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, राजापुरात कैद झाली. त्याच्यापुरती ती लढाई तेव्हा कुठे अंगावर आली. बाजीप्रभूंची आणि त्यांचे बंधू फुलाजींची समाधी खिंडीत नाही, विशाळगडावर आहे. म्हणजे तोफेचा आवाज झाल्यानंतर कोणीतरी त्या पावसात परत खिंडीत उतरलं असणार, देह शोधले असणार, खांद्यावर घेऊन तो चढ चढला असणार. त्या माणसांवरही एक प्रकरण लिहायला हवं.