ई-कचरा : भंगारात दिल्यानंतर पुढे काय?

गेल्या वर्षी धर्मग्राम कार्यालयाचा पोटमाळा साफ करावयास घेतला, तेव्हा फुगीर पडद्याचा जुना संगणक, दोन निकामी प्रिंटर, ध्वनिक्षेपकाचा अॅम्प्लिफायर आणि पोतेभर वायरी निघाल्या. प्रिंटर बाजूला राहिले; बाकीचे आम्ही भंगारवाल्याला दिले, काही रुपये आले, विषय संपला. आठवडाभराने गावाबाहेरील मोकळ्या जागेत घशाला झोंबणारा काळा धूर दिसला. दोन मुले तांब्यासाठी वायरी जाळीत होती. त्या आमच्याच होत्या का, हे सांगता येणार नाही; नव्हत्याच, असेही म्हणवत नाही.

वायरींवरील आवरण बहुधा पीव्हीसीचे असते. त्यात क्लोरीन असल्यामुळे ते उघड्यावर जाळले की डायॉक्सिनसारखी अत्यंत घातक द्रव्ये निर्माण होतात. सर्किट बोर्डातील सोन्यासाठी ते आम्लात बुडवतात आणि उरलेले पाणी गटारात सोडतात. जुन्या फुगीर पडद्याच्या काचेत, आतील क्ष-किरण बाहेर पडू नयेत म्हणून, शिसे मिसळलेले असते. तेच शिसे माती-पाण्यातून शरीरात गेल्यास मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते. ट्यूबलाईट व सीएफएल दिव्यांत पारा असतो.

हाच कचरा नीट हाताळला तर खाण ठरतो. टोकियो ऑलिंपिकसाठी जपानने २०१७ ते २०१९ या काळात सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणे गोळा केली. त्यांत ६२ लाख मोबाईल होते. त्यांतून मिळालेले ३२ किलो सोने, चांदी व कांसे यांपासून २०२१ साली झालेल्या त्या स्पर्धेची सर्व पदके घडवली गेली. जगाचे चित्र मात्र निराळे आहे. २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद त्यांतील केवळ २२.३ टक्क्यांची आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या विश्वपरिपत्रकात प्रदूषणाविषयी लिहिताना इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा स्पष्ट उल्लेख केला होता.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. मे २०१२ पासून उत्पादकांवर या कचऱ्याची जबाबदारी आहे. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनुसार पुनर्चक्रण करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते.

आमचा रोष भंगारवाल्यावर नाही. दारोदार फिरून वस्तू गोळा करण्याचे त्याचे काम दुसरे कोणी इतके चोख करीत नाही. धोका पुढच्या टप्प्यावर आहे, आणि तेथे बहुधा गरिबाचेच हात असतात.

म्हणून वस्तू दुरुस्त होत असेल तर आधी दुरुस्त करावी. मोबाईल देण्यापूर्वी सिमकार्ड काढून आतील माहिती पुसावी. वस्तू घरी फोडू नये. फुगलेली बॅटरी दाबू वा टोचू नये. संघटनांनी ई-कचरा संकलन जरूर करावे, परंतु फलक रंगवण्याआधी गोळा करणाऱ्याचे नोंदणीपत्र मागावे. (फलकाचा उत्साह आमच्याकडे अंमळ जास्तच असतो!)

मागे राहिलेले ते दोन प्रिंटर आम्ही यंदा नोंदणीकृत केंद्राकडे पाठवले. भंगारवाल्याने दिले असते त्याहून पैसे कमी आले. वजनाची पावती फाईलला लावून ठेवली आहे.