जुळ्या भावंडांची खाजगी भाषा

भाषा ही सामाजिक संस्था आहे, हे आपण मागील उपघटकात पाहिले. मग केवळ दोन बालकांपुरती भाषा संभवते काय? काही जुळी मुले इतरांना न कळणाऱ्या बोलीत परस्परांशी बोलतात. ही बोली म्हणजे नवी भाषा होय, असा समज सर्वत्र आढळतो. तो तपासून पाहू.

उदाहरण : अमेरिकेतील सान दिएगो येथील दोन जुळ्या बहिणी स्वतःला 'पोटो' आणि 'काबेंगो' म्हणवीत. त्यांचे वडील इंग्रजीभाषक, तर आई व सांभाळणारी आजी जर्मनभाषक होत्या. मुली मंदबुद्धी असाव्यात या समजुतीमुळे त्या घरातच वाढल्या. इतर मुलांचा सहवास त्यांना जवळजवळ लाभला नाही. १९७७ च्या सुमारास वाचोपचारतज्ज्ञांनी त्यांच्या बोलण्याचे विश्लेषण केले. ती नवी भाषा नव्हती. इंग्रजी व जर्मन शब्दच मोडून, अतिशय वेगाने उच्चारले जात होते. बटाट्यासाठीच्या एका इंग्रजी शब्दाची त्यांच्या बोलण्यात अनेक रूपे होती. झां-प्येर गोरां यांनी १९८० मध्ये या बहिणींवर अनुबोधपट केला.

कारणमीमांसा : भाषा शिकणारे मूल 'गाडी'ला 'दादी' म्हणते, तेव्हा आई सहज म्हणते, "हो, गाडी आली!" अशा प्रतिसादातून मुलाचा उच्चार हळूहळू प्रमाणरूपाकडे वळतो. जुळ्यांच्या बाबतीत मात्र ऐकणाराही त्याच वयाचा असतो. त्याला 'दादी' कळते. तो ते रूप स्वीकारतो आणि तेच रूढ होते. 'मम', 'भूभू' ही आपली बालबोली याहून भिन्न आहे, कारण ती मोठ्यांनीच मुलांना दिलेली असते.

रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया व युदोविच यांनी अभ्यासलेल्या पाच वर्षांच्या जुळ्यांचे बोलणे प्रत्यक्ष कृतीशी इतके बांधलेले होते की, प्रसंग ठाऊक नसल्यास अर्थ लागत नसे. बालवाडीत त्यांना वेगवेगळ्या गटांत ठेवताच इतरांशी बोलण्याची गरज निर्माण झाली आणि काही महिन्यांतच भाषा सुधारली. खेळही अधिक योजनाबद्ध झाला.

निष्कर्ष : जुळी मुले शून्यातून भाषा निर्माण करीत नाहीत, ऐकलेल्या भाषेचीच ती पुनर्रचना करतात. म्हणून अशा मुलांना मंदबुद्धी ठरविणे जितके घातक, तितकेच त्यांच्या बोलीचे कौतुक करीत स्वस्थ बसणेही. त्यांना व्यापक भाषिक सहवास मिळणे आवश्यक आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : आपल्या परिसरातील लहान मुलाच्या बोलण्यातील पाच शब्द नोंदवा. त्यांतील कोणती रूपे मुलाची स्वतःची व कोणती मोठ्यांनी दिलेली आहेत, ते सकारण स्पष्ट करा.