पंखा आधी, सोलर मग

तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. तरी गोंदियातल्या घरांना एप्रिल-मेचं बिल झोंबतंच. कूलर रात्रंदिवस चालतो, शंभर युनिट कधी ओलांडले कळत नाही, आणि त्यापुढच्या युनिटचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट.

वीज वाचवण्यासाठी घरात खर्च केला तर करात काही सुटतं का, असं लोक विचारतात. प्राप्तिकरात तशी सोय नाही. अमेरिकेत होती: खिडक्या बदला, छताला उष्णता रोखणारं अस्तर लावा, खर्चाचा ३० टक्के भाग मर्यादेत राहून करातून वजा. तीही ३१ डिसेंबर २०२५ला संपली. आपल्याकडे सरकार सोलरची सबसिडी थेट बँक खात्यात टाकतं, आणि गोंदियासाठी तेच योग्य आहे. धानाच्या शेतावर किंवा रोजीवर चालणाऱ्या घराला प्राप्तिकर लागतच नाही. त्याने सूट घ्यायची कशातून?

फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये मिळतात. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. त्यातून महिन्याला सुमारे १२० युनिट निघतात. उन्हाळ्यात जास्त, श्रावणात कमी. दुपारची शिल्लक वीज महावितरणकडे जाते आणि नेट मीटरमुळे रात्रीच्या वापरातून वळती होते. सप्टेंबर २०२५पासून पॅनेलवरचा जीएसटीही १२वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

राज्याच्या ‘स्मार्ट’ योजनेचं मोल मला अधिक वाटतं. महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्यांसाठी ती आहे. केंद्राच्या ३० हजारांवर राज्य भर घालतं, त्यामुळे दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एक किलोवॅटचा संच अडीच हजारांत पडतो.

पण देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडची कवेलूची घरं? जुनी लाकडं पॅनेलचा भार पेलतीलच असं नाही. अशा घराला पंख्यापासून सुरुवात करता येते. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. रोज बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. तीन पंख्यांमागे जवळजवळ पन्नास. स्लॅबच्या घरांनी छताला पांढरा, ऊन परतवणारा रंग द्यावा, म्हणजे कूलरचे तास घटतात. या खर्चाला मात्र कुठलीच सबसिडी नाही, आणि ती हवी, असं माझं ठाम मत आहे. २०१५मध्ये ‘उजाला’ने एलईडी दिवे स्वस्त करून घरोघरी पोहोचवले, तसे पंखेही पोहोचवता येतील.

मालमत्ता करातली सवलत स्थानिक संस्थेच्या हाती असते. पुणे महापालिका सौरऊर्जेसारख्या सोयींसाठी ५ ते १० टक्के सूट देते. गोंदिया, तिरोड्यातल्या रहिवाशांनी नगर परिषदेच्या कर विभागात लेखी मागणी करावी.

आणि सोलरचा अर्ज भरण्यापूर्वी वीजबिल काढून त्यावरचं नाव वाचा. अनेक घरांत ते अजून आजोबांचंच असतं. आधी ते बदलून घ्या.