विश्लेषण : चाकांवरचे घर ओढायला पिकअपचा हौदा किती लांब हवा?

अमेरिका आणि कॅनडात चाकांवरचे घर पिकअप ट्रकला जोडून भटकंती करणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. यातील मोठी घरे बहुधा ‘फिफ्थ व्हील’ प्रकारची असतात. असा ट्रेलर घेताना इंजिनाची ताकद सगळेच पाहतात. पण ट्रकच्या हौद्याची लांबी चुकली, तर काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा थेट केबिनच्या मागच्या काचेवर आदळू शकतो. १६ इंचांचा फरक इतका महत्त्वाचा का ठरतो, याविषयी…

फिफ्थ व्हील म्हणजे काय?

नाव ‘पाचवे चाक’ असले तरी हे फिरणारे चाक नाही. घोडागाडीच्या काळात पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवे गोल कडे बसवलेले असे. चार चाकांच्या जोडीला हे पाचवे, म्हणून हे नाव पडले आणि पुढे ते मोटारींनाही चिकटले. न्हावा शेवा बंदरातून निघणारे कंटेनर ट्रेलर याच तत्त्वावर चालतात. पुढच्या वाहनावर खाच असलेली जाड पोलादी थाळी असते आणि ट्रेलरच्या पोटाखाली ‘किंगपिन’ नावाचा खुंट असतो. तो खाचेत अडकला की ट्रेलर त्याच्याभोवती वळतो. विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस ‘एरोकार’ हा प्रवासी ट्रेलर आणला. त्याचा भारही असाच ओढणाऱ्या मोटारीच्या मागच्या भागावर, चाकांच्या वर येत असे.

ही जोडणी हौद्यातच का?

साधा ट्रेलर ट्रकच्या मागच्या बंपरखालील गोळ्याला जोडतात. त्याचा साधारण १० ते १५ टक्के भार ट्रकवर येतो, तोही मागच्या चाकांच्या मागे. त्यामुळे ट्रकचे नाक उचलले जाते आणि जोराच्या वाऱ्यात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. फिफ्थ व्हीलची जोडणी हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असते. ट्रेलरचा १५ ते २५ टक्के भार तिथे पडतो, पण तो चाकांवर सरळ उतरत असल्याने ट्रक स्थिर राहतो. म्हणूनच मोठ्या ट्रेलरसाठी ही पद्धत पसंत केली जाते. अडचण एवढीच, की ट्रेलरचे नाक हौद्यावर येते आणि केबिनच्या जवळ जाते. कंटेनर ओढणाऱ्या ट्रकला हौदाच नसतो आणि जोडणीची जागा केबिनपासून पुरेशी मागे ठेवलेली असते. पिकअपमध्ये मात्र ते अंतर हौद्याच्या लांबीवर ठरते.

लांबीचे गणित काय?

अमेरिकी पिकअपमध्ये हौद्याच्या साधारण तीन लांबी मिळतात. आखूड म्हणजे सुमारे साडेपाच फूट, मधला साडेसहा फुटांच्या आसपास आणि लांब म्हणजे आठ फूट. फोर्डच्या एफ-१५०मध्ये तिन्ही पर्याय आहेत, तर अधिक दणकट एफ-२५०मध्ये पावणेसात आणि आठ फूट असे दोनच. हौदा वाढतो तो मुख्यत: मागच्या चाकांच्या पुढच्या भागात. त्यामुळे केबिनच्या मागच्या भिंतीपासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर पावणेसात फुटी हौद्यात सुमारे ४० इंच, तर आठ फुटी हौद्यात सुमारे ५६ इंच भरते. मॉडेलनुसार यात थोडा फरक पडतो.

आता ट्रेलर पाहू. त्याची रुंदी साधारण ९६ ते १०२ इंच असते. किंगपिन रुंदीच्या बरोबर मध्यावर असतो. ट्रक आणि ट्रेलर काटकोनात आले, की ट्रेलरची बाजू किंगपिनच्या पुढे निम्म्या रुंदीइतकी, म्हणजे ४८ ते ५१ इंच येते. आठ फुटी हौद्यात ५६ इंच जागा असल्याने ती केबिनच्या अलीकडेच थांबते. पावणेसात फुटी हौद्यात मात्र ४० इंचच जागा आहे. उरलेले ८ ते ११ इंच केबिनमध्ये घुसतात.

काटकोनात वळण्याची वेळ कधी येते?

महामार्गावर जवळपास कधीच नाही. पुढे जाताना घेतलेल्या नेहमीच्या वळणात कोन बराच लहान असतो आणि आखूड हौद्यातही जागा पुरते. खरी परीक्षा मुक्कामाच्या ठिकाणी होते. झाडांमधल्या अरुंद जागेत ट्रेलर मागे घेताना कोन झपाट्याने वाढतो. चालकाची नजर आरशांत, ट्रेलरच्या मागच्या टोकावर असते. केबिनच्या मागे काय चालले आहे, हे त्याला काच फुटल्यावर कळते.

आखूड हौदा असल्यास उपाय काय?

पहिला उपाय सरकत्या जोडणीचा. यात थाळी रुळांवर बसवलेली असते आणि ती १० ते १४ इंच मागे सरकते. ४० इंचांत १२ मिळवले तर ५२ होतात, म्हणजे १०२ इंची ट्रेलरही जेमतेम निभावतो. साध्या प्रकारात चालकाला थांबून, खाली उतरून कळ ओढावी लागते. स्वयंचलित प्रकारात वळणाबरोबर थाळी आपोआप सरकते, पण ती महाग आणि जड असते. साध्या प्रकारात थाळी मागे सरकवून वेगात जाणे धोक्याचे आहे. भार अ‍ॅक्सलच्या मागे गेला, की पुढची चाके हलकी होतात.

दुसरा उपाय ट्रेलरच्या आकारात आहे. अनेक नव्या ट्रेलरचे नाक पुढे निमुळते आणि कोपऱ्यांत आत कापलेले असते. त्याने बरीच जागा मिळते, मात्र ‘आखूड हौद्याला चालेल’ या विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबता आपल्या ट्रकच्या मापाशी ताडून पाहावे लागते.

मग सरळ लांब हौदाच का घेऊ नये?

रोजच्या वापरामुळे. चार दरवाजांच्या केबिनसह एफ-२५० पावणेसात फुटी हौद्यात सुमारे २५० इंच, तर आठ फुटी हौद्यात २६६ इंच लांब होतो, म्हणजे २२ फुटांहून अधिक. अमेरिकेत पार्किंगची जागा साधारण १८ फूट लांब असते. घरच्या गॅरेजमध्येही हा ट्रक अनेकदा मावत नाही आणि वळायला जास्त जागा घेतो. वर्षातून दोन आठवडे ट्रेलर ओढायचा आणि उरलेले ५० आठवडे मुलांना शाळेत सोडायचे, तर हा हिशेब वेगळा पडतो.

लांबी जमली म्हणजे झाले?

नाही, भार त्याहून महत्त्वाचा. १२ हजार पौंडांचा, म्हणजे सुमारे ५,४४० किलोंचा ट्रेलर घेतला, तर त्याच्या २० टक्के, म्हणजे २,४०० पौंड थेट ट्रकवर येतात. त्यात जोडणीचे दीडशे आणि कुटुंबाचे पाचशे पौंड धरले, की बेरीज तीन हजारांच्या पुढे जाते. एफ-१५०च्या वर्गातील बहुतेक ट्रक याहून बराच कमी भार पेलतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते ती ओढण्याची क्षमता. पेलण्याची क्षमता चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेली असते आणि ती त्या विशिष्ट गाडीसाठी असते. या क्षमतेपलीकडे भार गेला, तर टायर, स्प्रिंग आणि ब्रेक यांच्यावर ताण येतो आणि उतारावर तो जिवावर बेतू शकतो.

निवड कशी करावी?

आधी ट्रेलर ठरवावा, मग ट्रक. ट्रेलरच्या कमाल वजनावरून ट्रकवर येणारा भार काढावा आणि दरवाजावरील आकड्याशी जुळवावा. नंतर केबिन ते अ‍ॅक्सल हे अंतर टेपने मोजून ट्रेलरच्या निम्म्या रुंदीशी ताडावे, वर चार-पाच इंच मोकळे ठेवावेत. हौद्याच्या कडा आणि ट्रेलरचे पोट यांतही सुमारे सहा इंचांचे अंतर हवे. वर्षातील बराच काळ रस्त्यावर जाणार असेल, तर आठ फुटी हौद्याला पर्याय नाही. अधूनमधून भटकंती असेल, तर मधला हौदा आणि सरकती जोडणी हा व्यवहार्य मार्ग आहे. साडेपाच फुटी हौद्याच्या मालकाने मात्र फिफ्थ व्हीलचा मोह सोडून मागे जोडायच्या साध्या ट्रेलरकडे वळलेले बरे.